कव्हर, व्हर्जन तीन: हत्तीवर आलेल्या सूचना

मंडळी, कॉलेजच्या वार्षिकांकाचं कव्हर बऱ्यापैकी पुढे सरकलंय, पण आज डिझाइनपेक्षा लोकांनी त्यावर काय काय सांगितलं तेच लिहितो, कारण खरी मजा त्यातच आहे. नवीन लोकांसाठी एवढंच की यंदाचा विषय कातळशिल्पं, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळावर कोरलेली चित्रं, म्हणून मी आपल्या राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरचा (कातळाच्या पठारावरचा) मोठा हत्ती घेतलाय, जांभ्या दगडाच्या तांबूस-तपकिरी रंगावर फिकट रेघेत, अर्धा पुढच्या कव्हरवर आणि तिथून अंकाच्या पाठीवरून (स्पाइनवरून) वळून अर्धा मागे.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, "अरे पण हत्ती कुठाय?" आता गंमत अशी की सड्यावर प्रत्यक्ष जाऊन उभं राहिलात तरी हेच होतं, शिल्प एवढं अवाढव्य आहे की पायाशी एक वळण दिसतं, चार पावलं पुढे दुसरं दिसतं, अख्खा हत्ती बघायचा तर ड्रोनच पाहिजे. म्हणून तो पटकन दिसू नये हे मला हवंच आहे आणि त्याला छोटा करून पानाच्या मधोमध बसवणार नाही, तसं केलं की पर्यटनाचं ब्रोशर होतं.

एक मित्र म्हणाला पोटातले प्राणी काढून टाक, गिचमिड वाटते. कशेळीच्या हत्तीच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत तेच तर त्याचं वैशिष्ट्य, ते काढले तर उरेल साडीच्या दुकानाच्या दारातला हत्ती. उपाय पटला नाही पण गिचमिड होतेय हे मात्र खरंच होतं, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असल्यामुळे डोळ्याला कुठे थांबायचं तेच कळत नव्हतं. मग बाहेरची आकृती चांगली जाड केली आणि आतल्या प्राण्यांच्या रेघा ०.५ पॉइंटवर (पॉइंट म्हणजे छपाईतलं जाडीचं माप) आणल्या, स्क्रीनवर एकदम झकास.

आणि इथेच प्रेसवाल्या काकांनी ब्रेक लावला. त्यांनी चित्राबद्दल चांगलं-वाईट काहीच म्हटलं नाही, फक्त विचारलं, "ही आतली रेघ किती पॉइंटची?" सांगितल्यावर नुसते हसले. ऑफसेट छपाईत सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी), यलो (पिवळा) आणि काळा ह्या प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते, त्यामुळे चार रंगांच्या गडद भागातून बारीक रेघ कोरी सोडायची म्हणजे चारही प्लेटा तंतोतंत एकावर एक बसायला हव्यात, जराशी हलली तरी रेघ बुजते नाहीतर कडेला निळी-गुलाबी किनार दिसते. मित्राचं ऐकून रेघ बारीक केली, काकांचं ऐकून परत जाड करू का, ह्यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी रंगातूनच वाट निघाली. तपकिरीतला सायन पूर्ण काढला, राहिले मॅजेंटा, यलो आणि काळा, आणि रेघ कोरी न ठेवता फिकट पिवळी केली म्हणजे यलोची प्लेट रेघेखालूनही सलग जाते, जुळवायच्या राहिल्या दोनच प्लेटा. आतली रेघ १ पॉइंट केली, बाहेरची त्या हिशोबाने आणखी जाड. सायन गेल्यावर तपकिरी थोडी उबदार झाली ती मला उलट जास्त आवडली. कव्हरवर मॅट लॅमिनेशन (बिनचकाकीचा पातळ थर) चढलं की अजून जराशी दबेल, तेवढी सूट धरलीय.

कव्हरवरच्या अंकाच्या नावाबद्दल मॅडमचं म्हणणं होतं की अक्षरं जरा मोकळी कर. इंग्रजीत नुसतं ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून भागतं पण आपल्याकडे तसं केलं की शिरोरेखाच तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. म्हणून अंतराला हात न लावता फॉन्ट बदलला, 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' घेतला, आणि वरच्या रफाराला, खालच्या उकाराला श्वास घेता येईल एवढी जागा सोडली. मॅडम खूश, त्यांना मोकळंच हवं होतं, कसं ते माझ्यावर. (इमारतीचा फोटो टाका अशीही सूचना आलीय, ती दरवर्षी येते, आतल्या पानावर टाकू.)

आता नवीन भानगड. मागचं कव्हर जाहिरातीला द्यायचं चाललंय, अंकाचा खर्च त्यातूनच निघतो त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणजे माझा हत्ती पाठीवर येऊन कापला जाणार, आणि १२० पानांच्या अंकाची पाठ ती केवढी, जेमतेम ६ मिलिमीटर. पुढचा अर्धा एकटा उभा राहतो का ते बघायला उद्या ए-४ वर साध्या प्रिंटरने डमी काढतोय, आणि ह्यावेळी ज्यांनी आधीचं व्हर्जन बघितलेलंच नाही अशांनाच दाखवणार.