सोलापुरात बसून समुद्राच्या पोटातली लाट मोजताना

"नळाला चार दिवसाआड पाणी, अन् ही निघाली समुद्र मोजायला!" एमएस्सीच्या प्रकल्पाचा विषय ऐकून आई म्हणाली.

विषय होता अंदमान समुद्रातल्या अंतर्गत लाटा. वरचं कोमट, हलकं पाणी आणि खालचं गार, जड पाणी यांच्या सांध्यावर त्या उठतात. दोन थरांच्या घनतेत फरक थोडाच, म्हणून थोड्या जोरातही सांधा कित्येक मीटर वरखाली होतो. वर मात्र समुद्र जवळपास सपाट.

आर्गो फ्लोट म्हणजे समुद्रात सोडलेली, आपोआप खालीवर होणारी मोजणीची यंत्रं. त्यांची आकडेवारी फुकट मिळते. हे फ्लोट 1000 मीटरवर वाहत राहतात, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात. मी ते आकडे जोडले, तर 31 दिवसांची सुंदर लाट! चंद्राशी तिचं नातं जोडून दोन पानं लिहिलीसुद्धा. सर हसले. "12.42 तासांची भरती दर 10 दिवसांनी बघितलीस की ती 31 दिवसांचीच दिसणार." दर वेळी भरतीचा वेगळाच टप्पा सापडतो, अन् ते ठिपके जोडले की खोटी संथ लाट दिसते. गुणाकार करून बघितला. खरंच.

मग पाण्याच्या दिवशी माशांची जुनी काचपेटी काढली. तळाला रंगवलेलं मिठाचं पाणी, वर तरंगत्या थर्माकोलवरून हळू सोडलेलं साधं पाणी. फ्लोट म्हणून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत वाळू भरली. कधी बुडायची, कधी वर यायची. शेवटी मोहरीच्या सात दाण्यांवर ती सांध्यावर थांबली. पेटी तिरकी करून सोडली, तर वरचं पाणी लगेच शांत झालं, सांधा मात्र सावकाश झुलत राहिला. बाटलीही त्याच्याबरोबर. आणि तिथंच मला अडचण दिसली: फ्लोट असाच पाण्याबरोबर झुलला तर त्याच्याभोवती कायम तेच पाणी, तेच तापमान. लाट त्याला कळणार कशी?

सुदैवानं खरा फ्लोट बराचसा एकाच दाबाला धरून राहतो, पाणी त्याच्या अंगावरून वरखाली जातं. काही फ्लोट वाहतानाही तासातासाला दाब आणि तापमान नोंदवतात. तशा एकाचे आकडे घेतले. दाबाच्या नोंदीवरून फ्लोटची स्वतःची हालचाल वजा केली. उरला चढउतार 0.12 अंश, तिथं तापमान दर मीटर खोलीला 0.004 अंशानं उतरत होतं. भागाकार 30 मीटर, म्हणजे पाणी तेवढं वरखाली होत होतं. वहीत तीनदा केला.

अर्ध्या तासात निघून जाणारी एकटी मोठी लाट मात्र या नोंदीतून निसटते. तिच्यासाठी मिनिटामिनिटाला मोजणारी यंत्रं हवीत. पेटीतलं खारं पाणी आईनं संडासासाठी बादलीत काढून ठेवलं.