ब्राकच्या चित्रातला खिळा

काही चित्रकार वस्तूंचे तुकडे तुकडे करून का रंगवायचे, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या चित्रकलेच्या वर्गात फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकच्या ‘व्हायोलिन आणि चंबू’ची छापील प्रत लावलेली आहे. मूळ चित्र १९०९-१०चं, स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संग्रहालयात आहे. मुलांना सोडायला येणारे पालक तिच्यापुढे थांबतात आणि विचारतात, “मॅडम, या लोकांना सरळ चित्र काढता येत नव्हतं का?”

ब्राक रंगाऱ्याच्या घरातला. तो ल हाव्र या फ्रेंच बंदरात वाढला. त्याचे वडील आणि आजोबा घरं रंगवायचे, आणि तोही पोटापाण्यासाठी तेच शिकला. ओल्या रंगावरून फणी ओढून लाकडाच्या रेषा उमटवायच्या, साध्या भिंतीवर संगमरवराचा भास आणायचा, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं.

आता चित्राकडे बघा. व्हायोलिनचे, चंबूचे तुकडे तुकडे झालेत, कुठली कड कशाची ते शोधावं लागतं. पण अगदी वर एक खिळा आहे. भिंतीत ठोकलेला, सावलीसकट, इतका खरा की उपटून काढावासा वाटतो. तो खिळा बघितला की येत होतं की नव्हतं हा प्रश्नच उरत नाही. बाकीचं चित्र त्याने जाणूनबुजून तसं केलंय. समोरची वस्तू आपण एका जागी खिळून बघत नाही, मान वळवतो, वाकतो, हात लावतो. ते सगळं बघणं त्याला एकाच कॅनव्हासवर हवं होतं.

१९१२च्या उन्हाळ्यात तो आणि त्याच्याबरोबर काम करणारा चित्रकार पिकासो दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंजवळ सोर्गला शेजारी राहत होते. आव्हिन्योंच्या एका दुकानात ब्राकला ओकच्या लाकडासारखा छापलेला भिंतीचा कागद दिसला. पिकासो पॅरिसला गेल्यावर ब्राकने तो विकत आणला, पट्ट्या कापून पांढऱ्या कागदावर चिकटवल्या आणि कोळशाने द्राक्षं, पेला, काही अक्षरं काढली. कागद चिकटवून केलेल्या या पहिल्या चित्राचा विचार करताना मला अजूनही थरारून जायला होतं. ज्याला फणीने लाकूड उमटवता येतं, त्याने तयार छापील लाकूड आणून चित्रात बसवलं! दोन वर्षांत महायुद्ध आलं, ब्राक आघाडीवर गेला आणि त्या दोघांचं एकत्र काम तिथेच थांबलं. १९१५ मध्ये ब्राकच्या डोक्याला जबर जखम झाली.

वर्गातल्या एका मुलीचे वडील फर्निचरला पॉलिश करतात. त्यांना मी पुस्तकातलं ते चिकटचित्र दाखवलं, काही न सांगता. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. “ही रेषा हाताची नाही, छापाची आहे.” मग भिंतीवरच्या खिळ्यापाशी गेले आणि मुलीचा वर्ग सुरू झाला तरी तिथेच उभे होते.