तुरीची नोंद कोणत्या ॲपात?

शेतकऱ्याला जे लक्षात ठेवावं लागतं, ते बहुतेक वर्षातून एकदाच कामी येतं. धुऱ्याकडच्या तासांत कोणतं बियाणं उगवलं नाही, तूर फुलोऱ्यात असताना काय फवारलं, विहिरीवरची मोटार कोणी दुरुस्त केली, हे पुढच्या हंगामापर्यंत कोणी विचारत नाही. आणि लागतं तेव्हा उत्तर तिथल्या तिथं हवं असतं, कृषी केंद्राच्या काउंटरवर, मागं चार जण उभे असताना.

आमच्या बाबांनी यासाठी दोन साधनं ठेवली: कालनिर्णय आणि ओसरीची भिंत. कालनिर्णय निघतं १९७३ पासून. त्याच्या तारखेच्या चौकोनात दूध, मजुरी, गाय कधी फळली, सगळं मावतं. भिंतीवर फोन नंबर, तेही बिननावाचे. कोणता कोणाचा हे बाबांना जागेवरून कळतं. खिळ्याजवळचा बोअरवाला, दाराकडचा ढोरांचा डॉक्टर.

मी भिंत सोडून व्हॉट्सॲप धरलं. स्वतःलाच निरोप पाठवायची सोय त्यात २०२२ मध्ये आली; त्याआधी लोक दुसऱ्या कोणाला घेऊन ग्रुप काढत आणि मग त्याला हाकलून देत. माझ्या तसल्या ग्रुपचं नाव 'वावर'. त्यात सातबारा, औषधाच्या बाटल्यांचे फोटो आणि लग्नपत्रिका एका रांगेत पडल्यात. टाकायला सोपं, काढायला महाकठीण.

भाची पुण्यात आयटीत आहे. पोळ्याला आली तेव्हा म्हणाली, "मामा, तुम्ही सेकंड ब्रेन बनवा. म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा दुसरा मेंदू."

माय मुगाच्या शेंगा सोलत होती. "अन् पयला गहाण ठेवला काय, बाप्पा?"

भाची हसली, पण हटली नाही. तिनं मला निक्लास लूमान सांगितला. हा जर्मन समाजशास्त्रज्ञ. त्यानं आयुष्यभरात सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला, एकीवरून दुसरीकडे जायच्या खुणा केल्या आणि त्या लाकडी खणांतून पुस्तकांवर पुस्तकं काढली. ऐकून बरं वाटलं. त्याच्या घरी उंदीर नसावेत.

मग ॲपं पाहिली. एव्हरनोट २००८ पासूनचं, त्याच्या चिन्हात हत्ती; हत्ती काही विसरत नाही म्हणतात, पण २०२३ च्या अखेरीपासून फुकटात तो पन्नासच नोंदी लक्षात ठेवतो. नोशन देखणं, तक्ते-बिक्ते सगळं, पण ते वाढलंच नेटवर. बिननेटची सोय त्यात २०२५ मध्ये आली, तीही हवी ती पानं आधी फोनमध्ये घेऊन ठेवली तर. आमच्या वावरात रेंज फक्त मचाणावर मिळते आणि मचाणावर मी रानडुकरांसाठी जातो. गूगल कीप सुटसुटीत, रंगीत. किराण्याच्या यादीला उत्तम. ऑब्सिडियनमध्ये मात्र प्रत्येक नोंद आपल्याच फोनमध्ये साध्या मजकुराची फाइल होऊन राहते. उद्या ती कंपनी उठून गेली तरी फाइल दुसरीकडे उघडते. घरच्या बियाण्यासारखं आहे हे, दरवर्षी कोणाच्या दारात जायला नको. माझं मन तिथंच बसलं.

पण खरी गंमत शोधताना आहे. ही सगळी ॲपं शेवटी अक्षरं जुळवतात, आणि आपल्या भाषेत प्रत्यय लागला की शब्द स्वतःच बदलतो. मी लिहिलेलं असतं 'तुरीले दुसरा फवारा'. शोधतो 'तूर'. काही नाही! दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व झाला, तूर हरवली. दोन्हींत सामाईक उरतो तो एकटा 'त', आणि 'त' टाकला की झाडून सगळ्या नोंदी हजर. 'कापूस' शोधला तर 'कापसाले' सापडत नाही. 'काप' टाकावं तर कापसासोबत कापणी येते, कापड येतं, पूजेचा कापूरही येतो. 'पाऊस' आणि 'पावसानं' यांच्यात फक्त 'पा'. त्यावर पाणी, पाहुणे, पाटील, सगळे धावून येतात. एकटं सोयाबीन शहाणं. कितीही विभक्त्या लावा, पाहुण्यासारखं मुकाट बसतं. ज्यांनी ही ॲपं घडवली त्यांच्या भाषेत शब्द असा अंग चोरत नाही, म्हणून त्यांना हे सुचलं नसेल. आवाजावरून मराठी टाइप करायची सोय आहे, पण 'डवरणी' म्हटलं की तो फोन काहीतरी भलतंच ऐकतो.

म्हणून मी एक रीत पाडली. नोंद वऱ्हाडीत, बोलतो तशी. पण पहिल्या ओळीत मूळ शब्द, कोरे, प्रत्यय न लावता: तूर, फवारणी, पाऊस. भाचीनं ऑब्सिडियनमध्ये दाखवलेले नोंदींचे आलेख, धाग्यांनी जोडलेले ठिपके वगैरे मी उघडतही नाही. सुंदर दिसतात, पण त्यातून तुरीवरच्या अळीचं औषध निघत नाही.

उसनवारी मात्र यात घेतलेली नाही. ती वहीतच. आमच्याकडं फोन एकाच्या हाती राहत नाही. पोरं गेमसाठी नेतात, शेजारचे काका बाजारभाव पाहायला मागतात. काकांनी उगाच शोधाच्या खिडकीत स्वतःचं नाव टाकलं, तर ते पहिल्या झटक्यात सापडेल. माणसांची नावं प्रत्यय लागला तरी बदलत नाहीत.