कोनी पाहिलंच नाही ना

"पण कोनी पाहिलंच नाही ना भाऊ, मग पॉइंट काहून कापून राहिला?"

काल नागपुरात धरमपेठेत मित्राच्या गच्चीवर आमचा रोल-प्लेइंग गेम सुरू होता (प्रत्येक जण एक पात्र होऊन गोष्ट खेळतो, मी गेम चालवतो आन् पॉइंट देतो-कापतो), मित्राच्या सरदारानं शरण आलेल्या लुटारूला रात्री जंगलात गुपचूप मारलं आन् सकाळी गावात येऊन लढाईची मस्त गोष्ट सांगितली, लोकांनी हार घातले. मी त्याचे प्रसिद्धीचे पॉइंट वाढवले, इज्जतीचे कमी केले. पोट्टा भडकलाच.

जुन्या गेम्समध्येही असं आहे म्हणा. लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज या सामुराईंच्या गेममध्ये ऑनर (इज्जत) वेगळा, ग्लोरी (प्रसिद्धी) वेगळी. 1985 च्या पेंड्रॅगन या किंग आर्थरच्या सरदारांच्या गेममध्ये दर 1000 ग्लोरीला एक बोनस पॉइंट, म्हणजे नाव झालं की माणूस खरंच ताकदवान होतो, हे मला लय आवडतं. प्रसिद्धीला साक्षीदार लागतात आणि ती वेशीपाशी संपते, बर्डीवर सगळे ओळखतात त्याला कामठीत कोण विचारतं!

पण इज्जत घटली आणि कोणाला माहीतच नाही तर गेममध्ये बिघडतं काय? दुकानदार भाव वाढवणार नाही, राजा हाकलणार नाही. मी सध्या भीतीसमोर उभं राहायचं असलं की इज्जतीवर फासा टाकायला लावतो. तेवढं पुरतं का? तुम्ही काय करता?