नावडलेल्या माणसाचं आधी ऐका

स्टोनर ही एका प्राध्यापकाची कादंबरी वाचून संपवली तेव्हा रात्री दीड वाजता मी मैत्रिणीला मेसेज टाकला होता की बाकी सगळं बाजूला ठेव आणि ही वाच. तिने आठ दिवसांत वाचली आणि फोन करून म्हणाली, "अगं काय माणूस आहे हा! घरात बायको छळते, विभागप्रमुख वर्षानुवर्षं डूख धरून बसतो, मुलगी हातातून निसटते, आणि हा काय करतो तर उठून वर्गावर शिकवायला जातो. एकदा तरी टेबलावर हात आपट ना बाबा!"

मला खरंच लागलं ते. दोन दिवस मनात तिच्याशी भांडत होते. मग लक्षात आलं की ती जे बोलली त्यात चुकीचं काहीच नाहीये, पुस्तक अगदी तसंच आहे, आणि मला ते आवडलं ते नेमकं त्याचसाठी. सगळं हातातून जात असताना शिकवणं सोडत नाही असा माणूस. तिला त्यात लाचारी दिसली, मला निष्ठा दिसली.

तेव्हापासून गाजलेल्या कादंबऱ्यांबद्दल कोणी वाद घालायला लागलं की मी हेच शोधते, की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का. बहुतेक वेळा बोलत असतात. जॉन विल्यम्सची स्टोनर १९६५ मध्ये आली तेव्हा दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत, वर्षभरात छापणं बंद झालं. २००३ नंतर ती परत छापली गेली, २०११ मध्ये फ्रेंच अनुवाद आला आणि तिथून पुढच्या एकदोन वर्षांत युरोपभर हातोहात खपली, लेखक जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. कादंबरी तीच, वाचणारे बदलले. आणि विल्यम्स स्वतः एका मुलाखतीत म्हणाले होते की लोकांना स्टोनरचं आयुष्य दुःखी वाटतं पण मला तो खरा नायक वाटतो, चांगलं आयुष्य जगला तो. म्हणजे लेखक माझ्या बाजूने, पण त्याने मैत्रिणीचं वाचन खोटं ठरत नाही ना.

आणि हे फक्त आपल्यासारख्या साध्या वाचकांचं नाही. थॉमस पिंचनच्या ग्रॅव्हिटीज रेनबोचं १९७४ मध्ये काय झालं बघा. पुलित्झर या अमेरिकन पुरस्कारासाठी कादंबरी निवडणाऱ्या तिन्ही परीक्षकांनी एकमताने तिचं नाव दिलं, आणि वरच्या बोर्डाने ते फेटाळलं, वाचवत नाही, बोजड आहे, अश्लील आहे अशी त्यांची तक्रार. त्या वर्षी कादंबरीचा पुरस्कार कोणालाच दिला नाही. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली माणसं एकीकडे तीनपैकी तीन हो म्हणतात आणि दुसरीकडे ठाम नाही. मग कुणी म्हणालं की मला शंभर पानांपुढे जाता आलं नाही तर आपण त्याच्या अकलेवर का जायचं?

मार्केझची वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड, एका घराण्याच्या पिढ्यांची कादंबरी, मी स्वतः पहिल्यांदा अर्ध्यात सोडली होती. नावांमुळे. सगळे होसे आर्केदियो नाहीतर ऑरेलियानो, त्यात एका कर्नलला सतरा मुलगे आणि सतराही ऑरेलियानो! मी चिडून ठेवून दिली. काही वर्षांनी परत हातात घेतली तेव्हा सुरुवातीला छापलेली वंशावळ बघायचीच नाही असं ठरवलं, कोण कोणाचा कोण हे विसरायला लागले, आणि मग कळलं की हा गोंधळ मुद्दामच आहे, त्या घरात तीच चूक पिढ्यान् पिढ्या नवीन माणसाच्या अंगाने परत येते. पण म्हणून माझी पहिली चीड चुकीची होती का? मला नाही वाटत, कारण तेव्हासुद्धा माझं बोट बरोबर जागेवर होतं.

वयाचा पण भाग असतोच. कॅचर इन द राय सोळाव्या वर्षी वाचलेले लोक त्यातल्या होल्डनबद्दल सख्ख्या मित्रासारखं बोलतात, चाळिशीत पहिल्यांदा वाचणारे म्हणतात किती कुरकुर करतो हा पोरगा. आपल्याकडे कोसलाचं तेच, १९६३ पासून पांडुरंग सांगवीकरवर जीव टाकणारे आहेत आणि त्याला वैतागणारेही आहेत, आणि दोघांना तो बोलतो कसा हे पाठ असतं.

मला त्रास होतो तो फक्त दोन वाक्यांचा. एक, "तुला कळली नाही." दुसरं, "लोक उगाच कळल्यासारखं दाखवतात." दोन्हीत पुस्तक कुठेच नाही, समोरच्या माणसाची लायकी काढणं आहे नुसतं. त्यापेक्षा कुठल्या पानावर कंटाळलात ते सांगा, मी तासभर ऐकेन. हल्ली नवीन कादंबरी घ्यायच्या आधी मी ज्यांना ती आवडली नाही त्यांचं मत आधी वाचते. आवडलेले लोक विशेषणं देतात, अप्रतिम, हादरवून टाकणारी वगैरे. नावडलेले नेमकं सांगतात की काही घडतच नाही, संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, सगळं मागेपुढे उड्या मारतं. तेवढ्यावरून मला कळतं की हे माझं पुस्तक आहे की नाही.

मैत्रिणीने फोन ठेवता ठेवता अजून एक म्हटलं होतं, जे मी तेव्हा रागात ऐकलंच नाही. की लेखकाने इडिथवर, म्हणजे स्टोनरच्या बायकोवर, अन्याय केलाय, ती अशी का झाली हे विचारायला तो थांबतच नाही. म्हणून आता परत वाचतेय, या वेळी इडिथकडे बघत. तिचे वडील जातात तेव्हा ती माहेरी जाते, लहानपणीच्या वस्तूंचे दोन भाग करते, आणि वडिलांनी दिलेलं जे जे काही आहे ते जाळते, बाहुल्यांची डोकी फोडून चुरा करते. का, ते विल्यम्स कुठेच लिहीत नाहीत. पण ते पान त्यांनीच लिहिलंय, आणि पहिल्या वेळी मी ते नुसतं ओलांडून पुढे गेले होते.