अपडेटनंतर लॅपटॉप तापतोय? फॉरमॅट मारण्याआधी जाळीजवळ हात धरा

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात एक ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही. वापरायच्या जागेचं तापमान, कमाल ३५ अंश. बहुतेक कंपन्यांचा आकडा हाच. आपल्याकडे जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या खोलीत तर सकाळचा चहा होतो न होतो तोच ३५ ओलांडलेले असतात. धाब्याचं घर असेल तर निदान दुपारपर्यंत निभावतं.

पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोलीच्या वर तो किती अंश राहील, हे कामाच्या भारावर ठरतं. समजा हिवाळ्यात २५ अंशाच्या खोलीत प्रोसेसर ७० वर होता, म्हणजे फरक ४५. तेच काम मे महिन्यात ४२ अंशाच्या खोलीत केलं तर तो साधारण ८७ वर जाणार. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि मशीन रखडायला लागतं. विंडोजच्या अपडेटने वर आणखी १२-१३ अंशांचा भार टाकला की खेळ संपला. थंड गावात हेच अपडेट कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न असा: उष्णता जास्त तयार होतेय, की तयार झालेली बाहेर पडत नाहीये? बरेच दुरुस्तीवाले हा प्रश्न न विचारताच फॉरमॅट मारतात, आणि आठवड्यात तक्रार परत येते. याचं फार वाईट वाटतं, कारण उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

मशीन तापलेलं असताना हवा बाहेर पडते त्या जाळीजवळ तळहात धरा. झोत जोरात आणि कढत येत असेल तर पंखा, जाळी आणि पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे पोचवणारा लेप) आपलं काम करताहेत. आत कोणतं तरी काम प्रोसेसरला पळवतंय, म्हणजे दोष सॉफ्टवेअरकडे शोधा. पंख्याचा आवाज मोठा पण हवा जेमतेम लागतेय, तर जाळी कचऱ्याने बुजली आहे. हवा भरपूर पण कोमट, आणि प्रोसेसर मात्र ९५ वर, तर प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीपर्यंत पोचतच नाही. तिथे पेस्ट सुकलेली असते किंवा हीटसिंकचा, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या त्या नळी-पट्ट्यांच्या धातूच्या भागाचा, स्क्रू ढिला असतो. प्रोसेसरचं तापमान टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. बऱ्याच मॉडेलवर त्यात पंख्याचे फेरेही दिसतात.

आता सॉफ्टवेअरचं. मोठं अपडेट बसल्यावर विंडोज गप्प बसत नाही. फाइलींची सूची नव्याने बनते, अँटीव्हायरस सगळं तपासतो, जुने तुकडे आवरले जातात. टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा. वर ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ किंवा ‘सर्च इंडेक्सर’ दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही, काम उरकायचं आहे इतकंच. ते जबरदस्तीने बंद करू नका, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. चार्जर लावा, झाकण उघडं ठेवा, स्लीप ‘नेव्हर’ करा आणि रात्रभर चालू द्या. दुपारी दोनला हे काम काढण्यात अर्थ नाही. पहाटेच्या गारव्यात तेच काम मशीन कमी त्रासात करतं.

दोन दिवसांनंतरही तेच चालू असेल तर पुढे जा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग पॉवर अँड बॅटरी. अपडेटनंतर पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर गेलाय का बघा, असेल तर ‘बॅलन्स्ड’ करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडाप्टर उघडा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असं लिहिलेलं असेल तर चोर सापडला. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, गेला आहे आणि साधा व्हिडिओ दाखवायचं कामही प्रोसेसरच्या डोक्यावर आलंय. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर उतरवा. नाव बरोबर आहे पण त्रास अपडेटनंतरच सुरू झालाय, तर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. ते बटण फिकट दिसलं तर जुना ड्रायव्हर मशीनमध्ये उरलेला नाही, मग कंपनीच्या साइटशिवाय गत्यंतर नाही. पंख्याचे मोड सांभाळणारं कंपनीचं स्वतःचं अ‍ॅपही अपडेटनंतर बऱ्याचदा मुकं होतं. ते काढून नव्याने टाका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेकांनी त्याच सुमारास ११ घेतलं. अशा मोठ्या बदलानंतर १० दिवसांपर्यंत सिस्टम, रिकव्हरी इथून ‘गो बॅक’ करता येतं. या १० दिवसांत डिस्क रिकामी करायच्या नादात जुन्या विंडोजच्या फाइली पुसू नका, परतीची वाट तिथेच बंद होते. पण सपोर्ट संपलेल्या विंडोजवर कायमचं परत जाणं मला पटत नाही. एखादं छोटं मासिक अपडेट मात्र ‘अपडेट हिस्टरी’मधून काढून बघायला हरकत नाही.

उन्हाळ्यापुरता एक उपाय मनापासून सांगतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ टक्के करा. दिसायला एका टक्क्याचा फरक, पण बऱ्याच मशीनवर त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने नेहमीच्या वेगापेक्षा जोरात पळणं, बंद होतो आणि तापमान चांगलंच खाली येतं. टॅली, वर्ड, ऑनलाइन फॉर्म भरणं यात वेगाचा फरक जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही, तिथे पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ ठेवा.

हात धरून जाळी बुजल्याचं कळलं असेल तर मात्र सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नका. आपल्या भागातली धूळ वेगळी आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आसपास, घरात कापूस भरलेला असेल तर घरातसुद्धा, हवेत बारीक तंतू तरंगतात. पंख्यातून ते पार होतात आणि पंखा व तांब्याच्या पट्ट्या यांच्यामधल्या फटीत अडकतात. त्यावर फुफाट्याची बारीक माती बसते. वर्षा-दोन वर्षांत तिथे नमद्यासारखा करडा थर तयार होतो, चिमट्याने ओढला तर अख्खी पट्टी निघते. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आत ढकलला जातो.

त्यासाठी खालचं झाकण काढावं लागतं. वॉरंटी असेल तर आधी विचारून घ्या. मशीन बंद, चार्जर काढलेला, बहुतेक ठिकाणी पीएच० चा फुली स्क्रू ड्रायव्हर. लांब-आखूड स्क्रू जसेच्या तसे कागदावर मांडून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला लागतो. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. ती दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जही करू नका. बॅटरी ठीक असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रश आणि हातपंप ब्लोअरने साफ करा. पाती मोकळी सोडून जोरात हवा मारली तर बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नकोच, त्या हवेत पाणी आणि तेल असतं.

पेस्ट बदलायची तर हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या उलट्या क्रमाने सोडवा आणि बसवताना सुलट क्रमाने, थोडे-थोडे करून आवळा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन पातळ पसरा, कोपरे झाकले गेले पाहिजेत. शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एकचा घातला तर हीटसिंक प्रोसेसरवर टेकतच नाही आणि मशीन पूर्वीपेक्षा जास्त तापतं. चिपवर चांदीसारखा चकाकणारा पातळ धातू दिसला तर हात लावू नका. तो वीज वाहून नेतो, बोर्डावर सांडला तर बोर्ड जातो.

आणि कूलर. कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलरने खोली चांगली गार होते, त्याचा लॅपटॉपलाही फायदाच. पण थेट झोतात ठेवू नका. ओली हवा आणि तंतू एकत्र आले की तो थर पट्ट्यांवर खळीसारखा चिकटतो. पाच-सहा फूट बाजूला, टेबलावर, मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन झाकणं. गोधडीवर ठेवलं की खालून हवा घेण्याची वाट बंद होते.

सगळं झाल्यावर पुन्हा मोजताना खोलीचं तापमान शेजारी लिहा. काल ४३ अंशात ९४ आणि आज ३८ अंशात ८९ म्हणजे काहीच सुधारलेलं नाही, फरक ५१ चा ५१ च आहे. तोच व्हिडिओ, तेवढाच वेळ चालवून फरक १० ने तरी उतरला तर साफसफाई लागू पडली. नाही उतरला आणि पंख्याचे फेरेही वाढत नसतील, तर पंखाच बदलायचा आहे. त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर फोटो काढून सोबत न्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर आणलेला पंखा कित्येकदा बसत नाही.