स्पिन चालू झालं की चिकू धावत येतो

वॉशिंग मशीनचं स्पिन सुरू झालं की आमचा मुलगा चिकू असेल तिथून धावत येतो आणि मशीनला गाल लावून डोळे मिटून उभा राहतो. मशीन जुनं, एक पाय वाकडा, त्यामुळे अख्खं बाथरूम थरथरतं आणि याच्या चेहऱ्यावर असलं समाधान की काय सांगू. मलाही बघायला मजा यायची, खोटं का बोला. मग मागच्या पावसाळ्यात एकदा मी दूध बघायला किचनमध्ये गेले, परत येते तर साहेब प्लास्टिकच्या स्टुलावरून टॉप लोडचं झाकण उघडून कमरेपर्यंत आत, पाय हवेत. पाणी भरत होतं, आत वीतभर असेल जेमतेम, पण एवढ्या लहान पोराला डोकं खाली असताना तेवढंही पुरतं. चड्डी धरून ओढला. तो खिदळत होता, मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले, दूध उतू गेलं ते वेगळंच.

चिकू साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान होऊन दीड वर्ष झालं. अनेक ऑटिस्टिक मुलांना आवाज, गर्दी सहन होत नाही हे हल्ली लोकांना माहीत असतं, आमच्याकडे बऱ्याच बाबतीत उलटं आहे. याला सगळं जास्तच लागतं, उड्या, गरगर फिरणं, भिंतीला धडका, दिसेल ते चावणं. सासूबाई म्हणायच्या मुलगे असेच असतात, शेजारच्या काकू म्हणायच्या जरा वळण लावा. वळण!

त्या दिवसानंतर आम्ही मशीनचा स्विच बंद, स्टूल माळ्यावर, बाथरूमला बाहेरून अगदी वर कडी, बादल्या कायम उपड्या, असं सगळं केलं आणि निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी चिकू हॉलच्या ग्रिलवर, माझ्या डोक्याच्या वर. आमचं ग्रिल आडव्या पट्ट्यांचं, म्हणजे पोरासाठी चक्क शिडी, आणि दहा वर्षं त्या घरात राहून हे मला तेव्हा दिसलं. ओरडले नाही कारण दचकून हात सोडला असता. मागून जाऊन गच्च धरला.

ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताईंना हे सांगताना मला वाटलं त्या आणखी एखादं लॉक सुचवतील. त्यांनी विचारलं, "मशीनजवळ त्याला काय मिळत होतं? ते आता कुठे मिळतंय?" मी गप्प. कुठेच नव्हतं मिळत. पोटाची भूक लागलेल्या पोरापासून आपण फक्त डबे लपवत नाही ना बसत.

मग घरात सामान फिरलं. पंख्याच्या हुकाला झोका बांधू नका असं त्यांनी बजावलं, म्हणून माणूस बोलावून स्लॅबला वेगळा जाड अँकर मारून घेतला, खाली गादी. ग्रिलला आतून जाळी, बाल्कनीतली खुर्ची आणि तुळशीची कुंडी कठड्यापासून लांब, गोदरेजचं कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं (खालचा ड्रॉवर उघडून वर चढला की कपाट अंगावर येतं). अंगाला हवा तो जोर मिळावा म्हणून चिकूने दोन किलो तुरडाळीची पिशवी न्यायची हॉलमधून किचनमध्ये आणि परत, दिवसातून चार वेळा, आणि हे काम सासूबाईंनी असं मनावर घेतलंय की आमची डाळ घरातल्या घरात पंढरपूरला जाऊन आली असेल. कणीक पण तोच तिंबतो, आम्ही खातो, चालतंय.

वजनाचं ब्लँकेट मी ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं, ताई म्हणाल्या एवढ्या लहान मुलाला झोपताना अजिबात नाही, स्वतःहून बाजूला करता आलं नाही तर श्वासाला धोका. त्याऐवजी आजीच्या गोधडीत गुंडाळायचं, तोंड-मान मोकळं, आणि तो "जू" म्हणजे अजून म्हणाला तरच दाबायचं.

चावण्याचं मात्र अजून संपलेलं नाही. गळ्यात चावायला रबरचं च्यू आहे तरी चार्जरची वायर आवडते, म्हणून वायरी कपाटात आणि मेन बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागला तर लगेच वीज तोडणारा स्विच) बसवला. बटण सेलवाली खेळणी, छोटे रिमोट घरातून हद्दपार. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं, तेव्हा शंका जरी आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल, हे फ्रिजवर लिहून लावलंय. आणि रोज आंघोळीला अंग नीट तपासते, कारण एकदा तव्याला हात लागून फोड आला तरी हा रडला नव्हता, मला संध्याकाळी कळलं.

मशीन? रविवारी झाकणावर मी हात ठेवते, स्पिन लागलं की दोघं पाठ टेकून खाली बसतो. सात मिनिटं. तो माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर दाबून घेतो.

परवा नवरा म्हणाला, आता नवीन फ्रंट लोड घेऊया, अजिबात हलत नाही म्हणे. म्हटलं, थांब रे जरा.